आमची वाटचाल : चोपडीतला तिसरा रकाना

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या वेबसाइट बनवण्याच्या आणि सांभाळण्याच्या ऑफिसात टेबलाच्या पहिल्या खणात लाल कापडाची एक चोपडी आहे. तिच्यात हिशेब नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, ते कुठल्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे नाव नोंदवणाऱ्या कंपनीकडे आहे, कोणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते, होस्टिंग (साइट ठेवायची जागा) कुठं, एसएसएल (साइटचं सुरक्षा सर्टिफिकेट) कधी संपतं, असे रकाने मी स्वतः पट्टीनं आखलेत. हे सगळं कॉम्प्युटरवरही आहे आणि पोरं मला तेच सांगतात. पण दर महिन्याच्या एक तारखेला चोपडी उघडायची, लाल पेनानं त्या महिन्याच्या मुदतींवर गोल करायचा आणि गिऱ्हाइकाला फोन लावायचा, हा आमचा नेम २००८ पासून मोडलेला नाही. आमच्या हातून एकही डोमेन मुदत चुकून गेलं नाही, हे मी छाती ठोकून सांगतो. आणि त्या चोपडीतला तिसरा रकाना, ‘नाव कोणाचं’, त्याच्यापायी आम्ही एकदा बुडता बुडता वाचलो.

मी मूळचा डीटीपीवाला. प्रेसमध्ये पेजमेकर, कोरल आणि श्रीलिपी यांच्यावर सात वर्षं काढली. २००७ च्या दसऱ्याला एक जुना कॉम्प्युटर, २५६ केबीपीएसचं ब्रॉडबँड आणि एक पार्टनर एवढ्या भांडवलावर सुरुवात केली. पार्टनरचा हात डिझाइनमध्ये, माझा मजकुरात आणि गिऱ्हाइकात. पहिलं वर्ष उद्यमनगर आणि शिरोली एमआयडीसी पालथी घालण्यात गेलं. वेबसाइट बऱ्याच जणांकडे होती, पण ती चालत नव्हती.

आबा भेटले ते असेच. शिरोलीत त्यांची फौंड्री. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या दोन जातींची कास्टिंगं, इंडक्शन फर्नेस, स्वतःची पॅटर्न शॉप. वेबसाइटला दोन वर्षं झाली होती. म्हणाले, “दोन वर्सांत एक फोन न्हाई त्येच्यावरनं. ह्यो फुकाचा खर्च हाय.”

मी त्यांच्याच साइटवरच्या फॉर्ममधून एक एनक्वायरी पाठवली. ती कुठंच आली नाही. कोड उघडला तर फॉर्मचा मेल जात होता त्यांच्या जुन्या क्लार्कच्या नावच्या पत्त्यावर, आणि तो क्लार्क नोकरी सोडून दीड वर्ष झालं होतं. कंट्रोल पॅनलमधून पासवर्ड बदलला, मेलबॉक्स उघडली. त्रेचाळीस मेल. त्यातले निम्मे फालतू, पण नऊ मेलना ड्रॉइंग जोडलेलं. पंप केसिंग, बेअरिंग हाउसिंग, एक व्हॉल्व्ह बॉडी. आबांनी चष्मा लावला आणि माझ्या शेजारी बसून नऊच्या नऊ मेल तारखेसकट वाचले. एकाच गिऱ्हाइकानं तीनदा विचारलं होतं, तिसऱ्या वेळी ‘कृपया उत्तर तरी द्या’ असं लिहून. आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग चहा मागवला आणि म्हणाले, “उद्यापासनं हे तू बघायचं.”

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी आमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फॉर्ममधून आम्ही स्वतः एक मेल पाठवतो आणि पलीकडे पोचला का, ते फोन करून विचारतो. तुम्हीही करा. तुमची वेबसाइट कोणीही बघत असो, आत्ताच तुमच्याच फॉर्ममधून एक एनक्वायरी टाकून बघा. डोमेनला एसपीएफ रेकॉर्ड (त्या नावानं मेल कोणी पाठवायचा त्याची नोंद) आहे का, फॉर्म एसएमटीपीनं (मेल सर्व्हरमधून, रीतसर) मेल पाठवतो का, ते तुमच्या माणसाला विचारा. नसेल तर तो मेल स्पॅममध्ये पडून आहे असं समजा.

आबांचा मजकूरही सगळा नव्यानं लिहिला. आधी पहिल्या पानावर गणपती, खाली आबांचा फोटो आणि ‘गुणवत्ता हेच आमचं ध्येय’. खरेदी खात्यातला माणूस हे वाचायला येत नाही. त्याला ग्रेड पाहिजे, एका नगाचं वजन किती ते किती ते पाहिजे, महिन्याला किती टन निघतात, स्पेक्ट्रोमीटर घरचा आहे का, मशिनिंग करून देता का, हे पाहिजे. आम्ही चार दिवस शॉपमध्ये बसून हे सगळं लिहून काढलं. ‘२ ते ८० किलो’ ही एक ओळ पहिल्या पानावर आली आणि चुकीच्या एनक्वायऱ्या आपोआप कमी झाल्या. फोटो चार-चार एमबीचे होते, ते दीडशे केबीच्या आत आणले.

२०११ पर्यंत आमच्याकडे एकतीस गिऱ्हाइकं, चार माणसं आणि दोन खोल्या. पहिल्या दिवसापासून नियम एकच: डोमेन गिऱ्हाइकाच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर, लॉगिन आणि पासवर्ड पाकिटात घालून त्याच्या हातात. पार्टनरला हे पटत नव्हतं. तो म्हणायचा, चावी दिलीस की गिऱ्हाईक गेलंच. मी म्हणायचो, घर त्याचं आहे तर चावी आपल्याकडे कशाला?

त्या पावसाळ्यात पुण्याची एक एजन्सी कोल्हापुरात आली. नाव घेत नाही. टाय लावलेली पोरं, रंगीत प्रपोजल आणि ‘तीस दिवसांत गूगलच्या पहिल्या पानावर, नाहीतर पैसे परत’. आमची गिऱ्हाइकांची यादी त्यांना शोधावी लागली नाही, प्रत्येक साइटच्या तळाशी आमचं नाव होतंच. एकेकाला गाठून म्हणाले, फक्त ऑथ कोड (डोमेन दुसरीकडे हलवायचा कोड) द्या, बाकी आम्ही बघतो. पाकीट गिऱ्हाइकाकडेच होतं. पाकीट उघडलं, कोड दिला. दिवाळीच्या आत अकरा गिऱ्हाइकं गेली. त्यातल्या आठांनी मला फोनसुद्धा केला नाही. नेमसर्व्हर, म्हणजे साइट कुठं आहे ते सांगणारी डोमेनची नोंद, बदललेले दिसले तेव्हा कळलं.

पाडव्याला पार्टनर म्हणाला, मी सांगत होतो. डिसेंबरात तो वेगळा झाला. भांडण नाही झालं, पण त्याचा कॉम्प्युटर तो घेऊन गेला त्या दिवशी ती खोली मला बघवेना. दोन पोरांना दुसरीकडे नोकरी बघा म्हणून सांगावं लागलं. एक खोली सोडली. सहा महिने घर बायकोच्या पगारावर चाललं.

आणि वर हे की त्यांची गिऱ्हाइकं खरंच पहिल्या पानावर आली. आमचाच मजकूर, आमचेच फोटो, फक्त मागं, गूगलला साइट मोठी वाटावी म्हणून, दुसऱ्या साइटवरनं विकत घेतलेल्या हजारो लिंका. डिरेक्टऱ्या, परदेशी ब्लॉगांखालच्या कॉमेंट, सगळीकडे एकच एक शब्द. मला वेबमास्टर टूल्स (साइटची माहिती दाखवणारं गूगलचं टूल) न बघताही ते दिसत होतं. पण गिऱ्हाइकाला काय सांगणार? तो म्हणणार, ते वर आहेत आणि तुम्ही रडताय.

जानेवारीत आबा ऑफिसला आले. हातात तेच रंगीत प्रपोजल. टेबलावर टाकलं.

“काय रं, ही माणसं तीस दिवसांत पयल्या पानावर आणतो म्हणाल्यात. तू चार वर्सं काय करालायस?”

मी वाद घातला नाही. सर्च क्वेरीचा रिपोर्ट छापून त्यांच्यापुढं ठेवला. कोण काय शोधून त्यांच्या साइटवर येतं, त्याची यादी. प्रपोजलमध्ये ज्या शब्दावर पहिला नंबर देणार होते, तो होता ‘फौंड्री इन कोल्हापूर’. तो शब्द शोधतात नोकरी बघणारी पोरं आणि स्क्रॅपवाले. आमच्या यादीत त्या शब्दावर आम्ही खाली होतो. पण ‘पंप केसिंग एफजी २६०’ (एफजी २६० ही ग्रे आयर्नची ग्रेड) असं शोधणारा महिन्यातून सातच वेळा येत होता आणि त्याला आबा सगळ्यांत वर दिसत होते. आबांनी बोट फिरवत फिरवत विचारलं, “ह्यातलं गुजरातचं गिऱ्हाईक कुठलं?” मी ओळ दाखवली. तो पंपवाला तोवर वर्षाला चाळीस टन उचलत होता.

त्यांनी खिशातून चेकबुक काढलं आणि दोन वर्षांची एएमसी, म्हणजे साइटच्या देखभालीची रक्कम, एकदम लिहिली. चोवीस हजार. मी म्हटलं, “आबा, एवढे आत्ता नकोत.” तर म्हणाले, “माझ्या डोमेनची चावी माझ्याकडंच हाय न्हवं? जायाचं असतं तर गेलो असतो की.” त्या चेकवर आमचं ऑफिस मार्चपर्यंत उघडं राहिलं.

२४ एप्रिल २०१२ ला गूगलचा पेंग्विन अपडेट आला, म्हणजे असल्या लिंका ओळखून साइट खाली ढकलणारा बदल. विकतच्या लिंकांवर उभ्या केलेल्या साइट एका आठवड्यात खाली गेल्या. अकरांपैकी नऊ साइट माझ्या डोळ्यांदेखत पहिल्या पानावरून गायब झाल्या. मला आनंद झाला नाही असं म्हणणार नाही. पण त्यातले पाच मजकूर मी माझ्या हातानं लिहिले होते, हेही खरं.

जूनपासून फोन यायला लागले. सात जण परत आले. मी एकालाही ‘का गेलात’ विचारलं नाही. साफसफाईला मात्र दोन वर्षं लागली. लिंकांच्या याद्या डाउनलोड करायच्या, एक्सेलमध्ये लावायच्या, एकेक साइट उघडून बघायची, मालकाला मेल लिहायचा. ऑक्टोबर २०१२ मध्ये गूगलचं डिसअव्हाउ टूल (‘या लिंका आमच्या धरू नका’ असं कळवायचं) आलं, मग साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळीला एक डोमेन असं लिहून पाठवायला लागलो. एका गिऱ्हाइकाच्या फाइलमध्ये अठराशे ओळी होत्या. आणि फाइल दिली म्हणजे सुटलो असं नव्हतं. पेंग्विनचा पुढचा फेरा येईपर्यंत साइट खालीच. मे २०१३, मग ऑक्टोबर २०१३, मग थेट ऑक्टोबर २०१४. ज्यानं लिंका विकल्या त्याला या वाट बघण्याची किंमत कधी मोजावी लागली नाही.

त्याहून वाईट पुढंच होतं. सातांपैकी तिघांचं डोमेन बदलीच्या वेळी ‘सोयीसाठी’ एजन्सीच्या नावावर झालं होतं. दोघांनी मागितली ती रक्कम देऊन सोडवलं. तिसरे मार्केट यार्डातले गुळाचे व्यापारी. त्यांच्याकडून मागितलेला आकडा इथं लिहीत नाही. ते म्हणाले, माझंच नाव मी विकत घ्यायचं? आणि दिले नाहीत. एक किलोच्या खोक्यांवर वेबसाइटचा जुना पत्ता छापलेला, सात हजार खोकी गोडाउनमध्ये. आम्ही बसून त्यांच्यावर स्टिकर लावले, मी, माझी दोन पोरं आणि त्यांचे हमाल. नवं डोमेन घेतलं, शून्यापासून सुरुवात केली. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, लोक शोधायला लागले, तेव्हा त्यांचं नवं नाव कुठंच नव्हतं आणि जुन्या पत्त्यावर कोरं पान होतं.

म्हणून सांगतो, हूइजमध्ये, म्हणजे डोमेन कोणाच्या नावावर आहे त्या नोंदीत, आजच बघा. नोंद झाकलेली असेल तर रजिस्ट्रारचं लॉगिन मागा. अकाउंटचा ईमेल तुमचा नसेल तर डोमेन तुमचं नाही, बिलं कितीही वर्षं भरलेली असोत. अॅनालिटिक्स (साइटवर किती जण येतात ते मोजणारं गूगलचं टूल) आणि गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल यांचं मालक खातंही तुमचंच पाहिजे, आम्हाला फक्त मॅनेजर करा.

पुढची वर्षं कामात गेली. २०१५ ला सगळ्या साइट मोबाइलवर बसवल्या, २०१८ ला एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) आणल्या, २०२३ च्या जुलैआधी अॅनालिटिक्स फोरवर नेल्या. गिऱ्हाइकं साठच्या वर गेली, सोडलेली खोली परत घेतली.

२०१९ चा महापूर मात्र सांगायला हवा. ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, रस्ता बंद झाला आणि आबांच्या मुलाचा फोन लागेना. मी घरून मोबाइलच्या नेटवर त्यांच्या साइटच्या पहिल्या पानावर इंग्रजीत तीन ओळी टाकल्या: प्लांट कोरडा आहे, माल तयार आहे, हायवे सुटला की गाडी निघेल. रोज संध्याकाळी तारीख बदलत होतो. पाणी उतरल्यावर कळलं, एकाही गिऱ्हाइकानं ऑर्डर दुसरीकडे दिली नव्हती.

ती एजन्सी बंद पडून आता बरीच वर्षं झाली. गूळवाल्यांचं जुनं डोमेन मात्र अजून कोणीतरी धरून आहे. त्याची मुदत दर मार्चला संपते. संपली की नाव लगेच सुटत नाही. आधी रजिस्ट्रारची सवलतीची मुदत, मग तीस दिवस रिडेम्प्शन, म्हणजे जुन्या मालकाला जादा पैसे भरून सोडवता येतं तो काळ, मग नाव पुसलं जाण्याआधीचे पाच दिवस, आणि त्यानंतर ते कोणालाही घेता येतं. आमच्या चोपडीत ते नाव अजून आहे, तिसरा रकाना कोरा ठेवून. या मार्चमध्येही मी रोज सकाळी हूइज बघत होतो. सत्तावीस तारखेला बघितलं, पुन्हा एक वर्षासाठी रिन्यू झालं होतं. पुढच्या मार्चच्या पानावर गोल करून ठेवला आहे.