साप, ताप, काप, बाप

काकूंनी फोनवर तक्रार सांगितली ती एवढीच: टीव्हीचा स्पीकर फाटलाय, बदलून द्या. टीव्ही दुरुस्तीत एकवीस वर्षं काढल्यावर मी एक शिकलोय, की तक्रार ऐकून घ्यायची, पण स्वतःच्या कानाने ऐकेपर्यंत पार्ट विकत आणायचा नाही.

जिना चढतानाच बातम्या ऐकू आल्या. दार उघडलं तर पडद्यावर आवाजाचा आकडा ६८. काका खुर्ची पुढे ओढून बसलेले आणि नजर खाली पळणाऱ्या अक्षरांच्या पट्टीवर. काकू आतून ओरडूनच बोलत होत्या. "ह्यांना ऐकू येईनासं झालंय हो. मुलगा म्हणतो साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा तो लांबट स्पीकर, आणू, तर हे म्हणतात, कानच गेलेत, त्यावर पैसे कशाला घालायचे!"

काका काहीच बोलले नाहीत. मला त्या गप्प बसण्याचं वाईट वाटलं. माणूस हळूहळू स्वतःला खोलीतून बाजूला करतो, तसं ते होतं.

मी टीव्हीचा आवाज बंद केला, काकांच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "काका, टीव्ही घेऊन किती दिवस झाले?"

"दीड वर्ष होईल," ते मान न वळवता म्हणाले.

म्हणजे कान पार गेलेले नव्हते. मग समोर बसलो, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे कागद धरला आणि सावकाश चार शब्द म्हटले: साप, ताप, काप, बाप. तीन बरोबर आले, 'ताप'चा 'काप' झाला. नंतर बातम्या पुन्हा लावल्या आणि पट्टीवर हात धरून विचारलं, आता काय म्हणाली ती बातमीदार बाई? काका म्हणाले, "आवाज येतोय. शब्द लागत नाहीत."

सगळी केस या एका वाक्यात होती. 'साप' आणि 'ताप' या दोन शब्दांत 'आप' सारखंच आहे. तो स्वर जोरकस असतो आणि त्याची बरीचशी ताकद खालच्या सुरांत, १००० हर्ट्झच्या (सेकंदाला हजार कंपनांच्या) आसपास आणि त्याखाली असते. शब्द ओळखू येतो तो मात्र पहिल्या व्यंजनावरून, आणि स, त, क यांचा आवाज मुळातच नाजूक, साधारण २००० ते ८००० हर्ट्झमधला. वय वाढतं तसं ऐकणं आधी याच वरच्या भागात कमी होतं. रिमोटवरून आवाज वाढवला की स्वरही तितकाच वाढतो. घरभर 'आप, आप, आप' घुमतं आणि व्यंजन त्याखाली दबून जातं. काका दीड वर्ष हेच ऐकत होते आणि दोष स्वतःच्या कानांना देत होते.

मी खाली वाकून टीव्ही पाहिला. भिंतीवर टांगलेला, अंगठ्याएवढ्या जाडीचा. स्पीकर तळाशी, तोंड जमिनीकडे. आणि त्याच्या बरोबर खाली, चार बोटांवर, लाकडी फळी. फळीवर जाड कापड, कापडावर फोटोंच्या चौकटींची रांग. स्पीकरच्या जाळीपाशी कान लावला तर आवाज स्वच्छ, स्पीकर अजिबात फाटलेला नव्हता. जुन्या खोक्यासारख्या टीव्हीत पडद्याशेजारी समोर तोंड करून स्पीकर बसायला जागा असायची. पडदा कडेपर्यंत गेला, पाठ सपाट झाली आणि स्पीकरला जागा मिळाली ती खाली किंवा मागे. खालच्या सुरांचा जाड आवाज अडथळ्याला वळसा घालून येतो. वरच्या सुरांचा बारीक आवाज सरळ जातो, म्हणजे इथे तो आधी कापडात मुरत होता. मी एकदा टाळी वाजवली. समोरची भिंत उघडी, खाली फरशी. टाळीमागे लगेच टण्ण असा झणकार आला. जे काही व्यंजन वाचत होतं ते या झणकारात मिसळत होतं.

आधी फुकटातली कामं केली. चौकटी आणि कापड काढलं. सेटिंगमध्ये कुणीतरी सराउंड, म्हणजे आवाज चहूकडे पसरवणारा मोड, चालू ठेवलं होतं, ते बंद करून संवाद स्पष्ट करणारा मोड लावला. सेटटॉप बॉक्सचा आवाज अर्ध्यावर होता, तो जवळजवळ पूर्ण केला. आकडा ६८ वरून ४५ वर आला तरी काकांना पहिल्यापेक्षा बरं ऐकू येत होतं. मी तिथेच थांबलो असतो तरी काम झालं असतं. पण काका आता खुर्चीत सावरून बसले होते आणि म्हणाले, "माळ्यावर माझी जुनी म्युझिक सिस्टीम आहे. तिचं काही होईल?"

हे विचारणाऱ्या माणसाला साउंडबार घ्या म्हणून सांगणं मला जमलं नसतं.

अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी पेटीतले दोन स्पीकर खाली आले. कोनाभोवतीची, म्हणजे स्पीकरमधल्या पुढेमागे हलणाऱ्या शंकूभोवतीची, कड बोटाने दाबून पाहिली. फोमची असती तर इतक्या वर्षांत भुगा झाला असता; ही रबराची होती, मऊ होती. आवाजाचा नॉब फिरवला की खरखर यायची. आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, खरखर गेली.

टीव्हीला हेडफोनचं भोक नव्हतं, ऑप्टिकल आउटपुट होतं, म्हणजे डिजिटल आवाज प्रकाशाच्या रूपात केबलमधून बाहेर देणारं. अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या आधीच्या काळातला. मधे डिजिटलचा अ‍ॅनालॉग करून देणारा छोटा कन्व्हर्टर लागतो, तो पिशवीत होता. मुलाने पूर्वी आणलेला ब्लूटूथ स्पीकर कपाटात पडून होता, कारण त्यात ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. वायरीला तो त्रास नाही.

जोडलं, चालू केलं, तर शांतता. काकूंचा चेहरा उतरला. हा नेहमीचा प्रकार आहे: टीव्ही डॉल्बी डिजिटल, म्हणजे दाबून बांधलेला आवाज, पाठवत होता आणि हे साधे कन्व्हर्टर फक्त पीसीएम, म्हणजे न दाबलेला साधा डिजिटल आवाज, ओळखतात. सेटिंगमध्ये पीसीएम केलं, आवाज आला. पण तो आवाज मला पटेना. संगीत ठीक, बोलणारी बाई मात्र पोकळ, जणू पडद्यातून बोलतच नव्हती, खोलीच्या कडांना पसरली होती. बातमी देणाऱ्याचा आवाज दोन्ही स्पीकरमधून सारखा येतो. एकाचा कोन पुढे जाताना दुसऱ्याचा मागे जात असेल, तर मधला आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. वायरीवरची खूण पुसट झाली होती आणि एका स्पीकरची लाल-काळी मी उलटी लावली होती. दीड व्होल्टचा सेल वायरीला क्षणभर लावून दोन्ही कोन एकाच दिशेने उचलतात का ते पाहिलं, मग जोडणी सुधारली. बातमीदार बाई पडद्याच्या मधोमध येऊन उभी राहिली.

स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या काकांच्या कानाच्या उंचीवर, तोंड खुर्चीकडे थोडं वळवून. आतल्या खोलीतली सतरंजी इथे अंथरली. या टीव्हीच्या रिमोटने ऑप्टिकलचा आवाज कमी-जास्त होत नव्हता, म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच काकांच्या हाताशी ठेवला आणि ऑप्टिकल केबल भिंतीकडेने, कुठेही घडी न पाडता आणली. नवीन लागलं ते कन्व्हर्टर, केबल आणि थोडी वायर.

काकांनी स्वतः नॉब हातात घेतला. वाढवला, मग कमी केला, आणखी कमी केला. पट्टीकडे पाहणं त्यांनी कधी सोडलं ते मला कळलंही नाही. आतून काकूंनी विचारलं, "बंद केलात का?"

"नाही, ऐकतोय," काका म्हणाले.

निघताना मी त्यांना सांगितलं, कान तरीही तपासून घ्या. तो 'ताप'चा 'काप' मी विसरलो नाहीये. ते गेले. महिन्याभराने नॉब पुन्हा खरखरतो म्हणून बोलावलं, तेव्हा तपासणीचा आलेख समोर ठेवला. ५०० आणि १००० हर्ट्झला रेघ बरी होती, २००० पासून उतरत ४००० ला बरीच खाली गेली होती, म्हणजे तिथलं ऐकणं कमी झालेलं. श्रवणयंत्राचं माप देऊन झालं होतं. मी आलेख अ‍ॅम्प्लिफायरवर ठेवला, ट्रेबलचा, म्हणजे बारीक आवाज वाढवणारा, नॉब थोडा पुढे नेला आणि तोंडापुढे कागद धरला.

"ताप," काका म्हणाले.

बरोबर होतं. मग मी नॉब उघडायला घेतला.