आमची वाटचाल : बळदातलं दप्तर

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघायला लोक लांबून येतात. आमचा वाडाही वाई तालुक्यातलाच, कृष्णेकाठचा, पण बघण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कसणारे मालक झाले आणि घरातली माणसं पोटासाठी पुण्याला गेली. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात मागची पडवी बसली, ती कुणी उचललीच नाही. वाटण्या झाल्या तेव्हा वाडा माझ्याकडे आला. खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणाला तो नकोच होता.

मीही विकायलाच निघालो होतो. सामान उपसताना धान्य साठवायच्या बळदात मोडी कागदांचं दप्तर सापडलं. वाचायला पुण्याहून एक जाणकार आले. दोन दिवस ओसरीवर बसून त्यांनी पावत्या, हिशेब लावून दिले आणि निघताना विचारलं, "पुढच्या महिन्यात विद्यार्थी आणू का? राहायची सोय होईल?" सोय कसली! बारा जण सतरंज्या टाकून ओसरीवरच झोपले. काकूंनी पिठलं-भाकरी केली. आमच्या निवासी कार्यशाळांचा श्रीगणेशा तो.

मग दुरुस्ती काढली आणि तोंडावर आपटलो. ठेकेदाराचं ऐकून मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला. ओल आत कोंडली, पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटले. सगळं खरवडून, घाण्यात मळलेला चुना, गूळ नि हिरड्याचं पाणी घालून पुन्हा लिंपलं. म्हातारे गवंडी रोज ऐकवायचे, "घाई आसंल तर शिमिटच लावा." सगळ्यात जास्त पैसा मात्र गेला संडास-बाथरूममध्ये. त्याचे फोटो कुणी काढत नाही.

वाई म्हणजे प्राज्ञ पाठशाळेचं आणि विश्वकोशाचं गाव, त्यामुळे अभ्यासू मंडळींना पत्ता समजवावा लागत नाही. शिक्षकांची शिबिरं, छोट्या परिषदा होतात. माजघरात चाळीसच माणसं मावतात. "मधली भिंत पाडा, शंभर जण आणतो," असं एकांनी सुचवलं. आम्ही त्यांना चहा दिला. २०२० ची टाळेबंदी निघाली ती घरच्या हळदीवर.

माजघराचं दार बुटकं आहे. वर मोडीत पाटी लावली आहे : 'वाकून यावे'. पहिल्या दिवशी सगळ्यांची कपाळं आपटतात. तिसऱ्या दिवशी कुणीतरी ती पाटी मोठ्यानं वाचतं आणि मागचे सगळे वाकतात.