पतीच्या सहीचा रकाना: एका पत्रासाठी केलेल्या खटपटीचा माझा अनुभव

मी सातारा जिल्ह्यातील एका शासकीय कार्यालयाच्या लेखा शाखेत काम करतो. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत माझे लग्न, माझे बाळंतपण, माझे नाव आणि माझी सर्व कागदपत्रे एका स्त्रीची होती. कागदपत्रे तर आजही बऱ्याच अंशी तीच आहेत. आपण स्त्री नाही, ही जाणीव मला शाळेपासून होती, परंतु तिचे काय करायचे हे ठाऊक नसल्यामुळे मी ती संसार आणि नोकरी यांच्या खाली दाबून ठेवली. मुलगा शिक्षणासाठी बाहेर गेल्यावर घरात जी शांतता आली, तिच्यात तो प्रश्न पुन्हा वर आला आणि या खेपेस तो मागे हटेना. पतीशी बोलणे, समुपदेशक शोधणे आणि त्यांच्यासमोर मन मोकळे करणे हे सर्व मला जितके अवघड वाटले होते, त्या मानाने पुष्कळ सुरळीत पार पडले. त्यामुळे त्याविषयी येथे लिहीत नाही. लिहायचे आहे ते एका पानाच्या पत्राविषयी.

टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचे उपचार सुरू करण्यापूर्वी अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांना मनोविकारतज्ज्ञांचे पत्र लागते. या व्यक्तीची लिंगओळख व जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग यांत विसंगती आहे आणि उपचारांचे परिणाम समजून संमती देण्यास ती सक्षम आहे, एवढाच त्याचा आशय असतो. अशी विसंगती म्हणजे मनोविकार नव्हे, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केले आहे; १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या तिच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ही नोंद मनोविकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवलेली आहे. तरीही पत्र मनोविकारतज्ज्ञांचेच लागते, आणि त्यामागचा हेतू मला पटतो. आवाज एकदा खाली उतरला की तो परत वर जात नाही. दाढीमिशा एकदा आल्या की औषध थांबवूनही पूर्णपणे जात नाहीत. घराण्यात टक्कल असेल तर तेही पडू शकते. अशा गोष्टी करण्यापूर्वी एखाद्या जाणत्या डॉक्टरांनी आपल्याशी नीट बोलून घ्यावे, यात गैर काहीच नाही. माझी तक्रार त्या बोलण्याविषयी नाही.

पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयात मी नाव नोंदवले. तेथील बाह्यरुग्ण विभागात प्रशिक्षण घेणारे निवासी डॉक्टर पाळीपाळीने बदलत असल्यामुळे, पहाटेच्या एसटीने स्वारगेटला उतरून मी रांगेत बसलो की समोर बहुधा नवा चेहरा असे. तो माझ्या बालपणापासून पुन्हा विचारायला सुरुवात करी, आणि मागचा केसपेपर समोर असूनही तो वाचण्याची तसदी क्वचितच कोणी घेई. मासिक पाळी सुरू झाली तेव्हा काय वाटले, लग्नाच्या पहिल्या रात्री काय वाटले, असे प्रश्न तिशीही न गाठलेल्या डॉक्टरांनी दार उघडे ठेवून विचारावेत आणि बाहेरच्या बाकावरच्या लोकांनी ऐकावेत, हे मी सहन केले, कारण पत्र हवे होते. दार बंद करण्याची विनंती पहिल्याच भेटीत करावी. ती केल्यावर कोणीही नकार देत नाही, असा माझा नंतरचा अनुभव आहे.

पुढे एका वरिष्ठ डॉक्टरांनी निराळाच मुद्दा काढला. माझी पाळी त्या सुमारास अनियमित झाली होती, रात्री घाम येत असे, झोप लागत नसे. त्यांचे म्हणणे असे की हे सारे पाळी जाण्याच्या वयाचे लक्षण आहे, तेव्हा रजोनिवृत्ती पूर्ण होऊ द्यावी आणि मग पाहावे. घाम आणि झोप यांपुरते ते बरोबर होते. पण नवव्या वर्षी जे वाटत होते त्याचे कारण सत्तेचाळिसाव्या वर्षाची पाळी कशी असेल, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. शिवाय सलग १२ महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली, असे वैद्यकशास्त्र मानते. मध्येच एकदा पाळी आली की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, आणि ही अनियमितता कित्येक वर्षे चालू शकते. म्हणजे मला जी तारीख दिली होती ती तारीखच नव्हती. आयुष्यभर बिलांवर शेरे मारणाऱ्या माणसाला असला शेरा पाहून संताप आला नसता तरच नवल. स्त्रीरोगतज्ज्ञांनी मात्र मला स्पष्ट सांगितले की या वयात टेस्टोस्टेरॉन घेण्यापूर्वी अनियमित रक्तस्रावाचे कारण शोधावे, गर्भाशयाची सोनोग्राफी करून अस्तराची जाडी पाहावी, आणि ते निर्धोक असेल तर पाळीसाठी थांबण्याचे कारण नाही. ही सोनोग्राफी मी आधीच करून घ्यायला हवी असे कोणी सांगितले नव्हते. म्हणून मी सांगतो आहे.

एवढे झाल्यावर, पत्र तयार होण्याच्या बेतात असताना, खिडकीवर माझ्या हाती एक छापील नमुना देण्यात आला, ज्यात ‘पती/पालक यांची संमती व सही’ असा रकाना होता. तो नमुना बहुधा दुसऱ्याच कसल्या तरी प्रक्रियेसाठी छापलेला असावा. मी अल्पवयीन नाही, आणि या उपचारांत पतीच्या शरीराला सुई लागणार नाही, हे मी शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितले. रकाना रिकामा ठेवून कागद पुढे जाणार नाही, असे उत्तर मिळाले. त्याविषयी डॉक्टरांना भेटलो तर त्यांनी कार्यालयाकडे बोट दाखवले, आणि कार्यालयाने डॉक्टरांकडे.

घरी आल्यावर पती सहज म्हणाले, “मी देतो ना सही. एका सहीने काम होत असेल तर वाद कशाला घालायचा?” ते मनापासून म्हणत होते आणि गाडीची किल्ली घेऊन उठलेसुद्धा होते. मी त्यांना बसवले. “तुमची सही चालली, तर उद्या तुमचा नकारही चालेल,” एवढेच मी म्हणालो. त्यांना ते पटायला वेळ लागला नाही, पण नातेवाइकांपैकी ज्या एकदोघांना हे ठाऊक होते त्यांना माझा हा हट्टच वाटला. असेल. ज्यांचे पती सही देणार नाहीत, किंवा ज्यांना घरी सांगताच येत नाही, त्यांच्यासाठी त्या रकान्याचा अर्थ बंद दार असा होतो, हे मला त्या खिडकीसमोर उभे असताना कळत होते.

कायद्याचे वाचन मी त्यानंतर केले. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नालसा) खटल्यात आपली लिंगओळख ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला दिला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने माहिती समजू शकणारी प्रत्येक व्यक्ती स्वतःच्या मानसिक आरोग्याच्या उपचारांविषयी निर्णय घेण्यास सक्षम मानली आहे. ‘समुपदेशनाने मन वळते का पाहू’ असेही मला एकदा ऐकवण्यात आले होते. अशी ओळख बदलण्याची थेरपी हा डॉक्टरांचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्येच राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलेले आहे. यांपैकी कशातही पतीच्या सहीचा उल्लेख मला आढळला नाही. परंतु खिडकीवर कायदा सांगून काही होत नाही, हे सरकारी नोकरीत असलेल्यास वेगळे सांगावे लागत नाही. खिडकीवर कागद चालतो.

म्हणून मी दोन प्रतींत अर्ज लिहिला आणि रुग्णालयाच्या आवक-जावक विभागात देऊन एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतली. अर्जात दोनच मुद्दे होते. पहिला असा की, सज्ञान रुग्णाच्या उपचारांसाठी पतीची संमती कोणत्या नियमानुसार आवश्यक आहे, ते लेखी कळवावे. दुसरा असा की, माझ्या सर्व केसपेपरच्या प्रती मला द्याव्यात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारनियमांनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. अर्ज अर्ध्या पानाचा ठेवावा आणि त्यात राग व्यक्त करू नये. राग लिहिला की वाचणारा मुद्दा सोडून रागालाच उत्तर देतो.

पहिल्या मुद्द्याचे उत्तर मला आजतागायत आलेले नाही. दुसऱ्या मुद्द्याच्या प्रती मात्र मुदतीत मिळाल्या, आणि त्या चाळताना मी थक्क झालो. रजोनिवृत्तीची वाट पाहा असे सांगणाऱ्या डॉक्टरांच्याही आधी, अगदी सुरुवातीच्या एका भेटीत, दुसऱ्या एका वरिष्ठ डॉक्टरांनी निदान स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवले होते आणि खाली रुग्ण संमती देण्यास सक्षम असल्याचा शेराही होता. म्हणजे पत्राचा सगळा मजकूर त्या फायलीत पडून होता आणि मी त्यासाठी एसटीने येजा करीत होतो. आपल्याविषयी काय लिहिले आहे ते पाहण्याचा हक्क आपल्याला असतो, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. पहिल्या दोन-तीन भेटींनंतरच प्रती मागून घ्याव्यात.

त्या प्रती घेऊन मी खासगी व्यवसाय करणाऱ्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधी सगळे कागद वाचले, मग स्वतः माझ्याशी सविस्तर बोलले, उपचार मध्येच थांबवावे लागले तर मी काय करीन असा प्रश्न विचारला, जो मला आधी कोणीही विचारला नव्हता, आणि पत्र दिले. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढ व्यक्तीसाठी असे एकच पत्र पुरेसे असते, हेही त्यांनीच सांगितले. पत्र घेऊन बाहेर आल्यावर मला आनंदापेक्षा थकवा अधिक जाणवला.

रुग्णालयातील खिडकीवर एकदा असेही सांगण्यात आले होते की आधी जिल्हाधिकारी तृतीयपंथी व्यक्तींना देतात ते ओळखपत्र आणा. त्याचा या पत्राशी काही संबंध नाही. २०२३ मध्ये मी राष्ट्रीय पोर्टलवर तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या प्रमाणपत्राचा अर्ज केला तेव्हा २०२० च्या नियमांप्रमाणे स्वतःचे शपथपत्र पुरले. वैद्यकीय तपासणी किंवा डॉक्टरांचे पत्र लागले नाही. दोन्ही कामे वेगवेगळी आहेत आणि एकासाठी दुसरे अडवून ठेवू नये.

उपचारांविषयी थोडे. पत्र मिळाल्यावर अंतःस्रावी तज्ज्ञांनी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, यकृताच्या चाचण्या आणि संपूर्ण रक्तगणना पाहिली, घोरण्याविषयी पतीला विचारले आणि कमी मात्रेच्या इंजेक्शनने सुरुवात केली. टेस्टोस्टेरॉनने तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होऊ शकते, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर तो बळावू शकतो, आणि चाळिशीनंतर या दोन्ही गोष्टींकडे अधिक लक्ष द्यावे लागते. त्यामुळे पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी आहे. मॅमोग्राफी आणि गर्भाशयमुखाची तपासणी, ते अवयव शरीरात आहेत तोवर, चालू ठेवायची आहे. ती टाळावीशी वाटते, कारण महिलांच्या रांगेत दाढीचे खुंट घेऊन बसावे लागते. मी सकाळची पहिली वेळ मागून घेतो.

शस्त्रक्रियेचा विचार अजून चालू आहे. त्यासाठी ज्या शल्यचिकित्सकांना भेटलो, त्यांनी संमतीसाठी फक्त माझी सही लागेल आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी सोबत कोण आहे एवढेच नोंदवावे लागेल, असे सांगितले. अंडाशय पाळी जाण्यापूर्वीच काढले तर हाडांच्या बळकटीसाठी पुढे हार्मोन्स अखंड घ्यावे लागतील, हेही त्यांनी समजावून दिले. म्हणून छातीची शस्त्रक्रिया आधी, आणि गर्भाशय व अंडाशयांचा निर्णय रजोनिवृत्तीनंतर, असा क्रम सध्या ठरला आहे. खर्चासाठी भविष्य निर्वाह निधीतून किती रक्कम काढता येईल, याचा हिशोब मी लेखा शाखेतच बसून करतो आहे.