निळीच्या पाखरासाठी ग्रेट स्वॅम्पच्या दोन फेऱ्या

पहिल्या फेरीत आम्ही तीन तास उन्हात घालवले आणि एक काळी चिमणी बघून परत आलो. घरी फोटो लॅपटॉपवर टाकून सावल्या उजळल्या, तेव्हा त्या काळ्या ठिपक्याच्या खांद्यावर निळी कड दिसली. म्हणजे ज्याच्यासाठी गेलो तो इंडिगो बंटिंग नावाचा छोटा निळा पक्षी तीन तास समोरच गात होता आणि आम्ही त्याला सोडून 'निळं काहीतरी' शोधत होतो.

जून महिना. आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनमध्ये तिचं फिरणं म्हणजे देऊळ, पटेल ब्रदर्स हे देशी किराणा दुकान आणि पुन्हा देऊळ. म्हणून तिला घेऊन ग्रेट स्वॅम्प या दलदलीच्या अभयारण्यात जायचं ठरवलं. एडिसनहून २८७ हा महामार्ग धरून बास्किंग रिजच्या बाजूला उतरलं की साधारण पाऊण तासात पोचता येतं. हिमयुगातल्या एका मोठ्या सरोवराचा हा उरलेला तळ. १९५९ मध्ये इथे प्रचंड विमानतळ बांधायचा घाट घातला होता. आसपासच्या लोकांनी पैसे गोळा करून जमीन विकत घेतली, सरकारला देऊन टाकली आणि १९६० मध्ये इथे अभयारण्य झालं. लढ्यात पुढे असलेल्या हेलन फेन्स्के यांचं नाव माहिती केंद्राला दिलं आहे. प्रवेश फुकट, उघडायची वेळ सूर्योदय ते सूर्यास्त. पाणी आणि खाणं घरूनच न्या, आत टपरी नाही.

आता पहिली चूक. आम्ही निवांत चहा-पोहे करून दहाला पोचलो आणि लाँग हिल रोडवरच्या लाकडी पुलावरून थेट दलदलीतल्या झाडीत शिरलो. पूल सुंदर आहे, कासवं दिसली, बेडूक दिसले, आई खूश. पण इंडिगो बंटिंग दाट रानातही राहत नाही आणि मोकळ्या माळावरही नाही. त्याला दोन्हींची शीव लागते: एका बाजूला झुडपं, रानटी काटेरी बेऱ्या, दुसऱ्या बाजूला उंच गवत, आणि मध्ये गायला एखादी वाळकी उंच फांदी. रस्त्याच्या कडा, पडीक शेतं, विजेच्या मोठ्या तारांखाली साफ केलेले पट्टे, हे त्याचे अड्डे. तेव्हा पूल शेवटाला ठेवा. आधी प्लेझंट प्लेन्स रोडवर गाडी हळूहळू चालवत कडेची झुडपं बघा.

दुसरी चूक उन्हाची. तो गात होता त्या फांदीच्या मागे सूर्य होता आणि आम्ही समोर. या पक्ष्याच्या पिसात निळा रंगच नसतो. आपली कपड्यांची नीळ पाण्यात कालवली की पाणी निळं होतं; याचं पीस कुटलं तर काळपट पूड हातात येईल. पिसाच्या आतल्या सूक्ष्म रचनेवरून उजेड विखुरतो आणि त्यातला निळा तेवढा आपल्याकडे परततो. आपल्या नीलपंखाचं आणि मोराचंही मूळ गणित हेच, रंग नव्हे, रचना. उजेड तुमच्या पाठीकडून आला तर पक्षी पेटल्यासारखा निळा; समोरून आला तर कोळसा. त्यामुळे या पक्ष्यासाठी पहिलं उपकरण म्हणजे पाठीवर पडणारं ऊन. आवाज ऐकला की लगेच कॅमेरा उचलू नका. आधी सूर्य कुठे आहे ते बघा आणि रस्ता परवानगी देत असेल तर वळसा घालून पलीकडे जा.

दुसऱ्या शनिवारी साडेसहाला हजर झालो. आईने आदल्या रात्रीच थालीपिठं करून ठेवली होती आणि जुन्या कापडी पिशवीत दोन किलो मसूर भरून तोंड शिवून टाकलं होतं. ही पिशवी गाडीच्या खिडकीवर टाकून तिच्यावर लेन्स टेकवायची. तिपाईपेक्षा बरी, आणि नंतर आमटीही होते. गाडीतून उतरू नका. माणूस दिसला की बंटिंग उडतो, गाडीला तो फारसा घाबरत नाही. रस्त्याला अडथळा होणार नाही अशी गाडी लावा आणि इंजिन बंद करा, नाहीतर थरथर फोटोत उतरते.

आधी आवाज आला. इथले लोक तो शिकवताना 'फायर-फायर, व्हेअर-व्हेअर, हिअर-हिअर' असं सांगतात. प्रत्येक सूर दोनदा, हीच खूण. मी आईला मराठीत सांगितलं, "आग आग, कुठं कुठं, इथं इथं, बघ बघ." आई म्हणाली, "अरे, हा तर आपल्या गल्लीतला भाजीवाला. सगळं दोनदोनदा." त्यानंतर प्रत्येक पक्षी तिनेच आधी ओळखला. मर्लिन या पक्षी ओळखायच्या अ‍ॅपचा आवाज ओळखायचा भाग उपयोगी आहे, पण नाव दिसलं म्हणून टिपणात लिहू नका. कॅटबर्ड हा पक्षी दुसऱ्यांच्या गाण्याचे तुकडे उचलून गातो. फांदीच्या शेंड्यावर कोण आहे ते डोळ्यांनी बघा. आणि मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका. हद्द राखायच्या दिवसांत तो खरोखर समोर येतो, आणि नेमकं म्हणूनच ते करायचं नाही.

तो होता एका वाळक्या फांदीच्या अगदी टोकावर, जेमतेम पाच इंचांचा. डोकं गडद, जांभळ्याकडे झुकणारं, अंग त्याहून उजळ निळं, चोच जाड, त्रिकोणी, चंदेरी. या वेळी सूर्य आमच्या पाठीशी होता. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं, तेव्हापासून निळा रंग जास्तच ठसठशीत दिसतो असं ती सांगते. डोळ्यातली पिवळसर पडलेली काच गेली की तसं होतंच. दुर्बीण न लावताच ती म्हणाली, "बाबांच्या सदऱ्याला नीळ जास्त झाली की असा दिसायचा."

ओळखायला गोंधळ तिघांशी होतो. ब्लूबर्डची छाती विटकरी असते. ब्लू ग्रोसबीक मोठा, चोच भलीमोठी आणि पंखांवर तपकिरी पट्टे. तिसरा गोंधळ त्याच्याच बायकोशी. मादी सबंध तपकिरी, घसा फिकट, छातीवर अगदी पुसट रेघा, शेपटीत कुठेतरी निळसर झाक. चिमणीवर्गातल्या पक्ष्यांच्या पाठीवर ठळक रेघा असतात, हिची पाठ साधी. शिवाय बसल्या बसल्या शेपूट डावी-उजवी झटकते. एक नर निळा-तपकिरी ठिगळांचा दिसला. हा गेल्या वर्षी जन्मलेला. पूर्ण निळा व्हायला त्याला अजून वेळ आहे. आई म्हणाली, रंगाच्या पिंपात पडलेला कोल्हा अर्धाच बुडाला.

नावात बंटिंग आहे म्हणून ज्वारीच्या शेतात हिवाळ्यात थव्याने उतरणाऱ्या आपल्या भारीटाशी नातं जोडायला जाऊ नका. इथला हा कार्डिनलच्या घराण्यातला, त्या लालभडक पक्ष्याचा भाऊबंद.

फोटोचं. मी ४०० मिलिमीटरची झूम लेन्स वापरली. पक्षी एवढासा असल्याने ६०० असती तर बरं झालं असतं. शटर १/१०००, कारण गाताना अंग सगळं थरथरतं. खरी अडचण निळ्याची: कॅमेऱ्याचा एकंदर आलेख ठीक दिसतो, पण निळा वेगळा काढून बघितला तर उजवीकडे फुटलेला असतो आणि पिसांचे बारकावे जाऊन सपाट निळा डाग उरतो. एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉपने कमी ठेवा, फोटो रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये काढा. फोकसचा एकच ठिपका डोळ्यावर ठेवा, नाहीतर कॅमेरा पुढच्या गवतालाच धरून बसतो. आठनंतर तापलेल्या रस्त्यावरून हवा तरंगू लागते, तेव्हा लांबचे फोटो काढण्यात अर्थ नाही. त्या वेळी नुसतं ऐका. बाकीचे पक्षी दुपारी गप्प होतात, हा गातच राहतो.

गवतात मुळीच शिरू नका. घरटं जमिनीपासून गुडघा-कमरेएवढ्या उंचीवर काटेरी झुडपात असतं, जवळ गेलात तर मादी उठते. आणि गोचीड. इथली छोटी हरणगोचीड लाइम रोग पसरवते, तेव्हा फिकट रंगाची पँट घाला, टोकं मोज्यात खोचा, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत तपासा. आईने साडीऐवजी माझी ट्रॅक पँट घातली, त्याचा फोटो टाकायला मनाई आहे. तीन पानी चकचकीत वेल दिसला तर हात लावू नका, तो पॉयझन आयव्ही.

थालीपीठ खाताना आईला एम्लेनची गोष्ट सांगितली. हे पक्षी रात्री उडून मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियनकडे जातात. १९६० च्या दशकात संशोधक स्टीफन एम्लेन यांनी त्यांना तारांगणात नरसाळ्यासारख्या पिंजऱ्यांत ठेवलं. तळाला शाईची गादी, भिंतीला कागद. पक्षी ज्या दिशेला उडू बघे, त्या बाजूला शाईचे पाय उमटत. छतावरचे तारे फिरवले की पावलंही फिरत. चौतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या आईचा प्रश्न एकच होता, "आणि शाईचे पाय पुसून दिले का रे त्यांचे?"

मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टपर्यंत जा. त्यानंतर नर तपकिरी होऊ लागतो आणि सप्टेंबरात चालता होतो.

परतताना घराजवळच्या दुकानात दूध घ्यायला थांबलो. मागे विजेच्या तारांचा पट्टा आहे, रोज दिसतो. गाडीचं दार उघडताच आई थबकली. वर तारेवर एक काळा ठिपका होता. "सूर्य कुठे आहे बघ," म्हणत ती दूध विसरून कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून पलीकडे निघालीसुद्धा.