ताप कधी आला?

पाऊस लागला की आमच्या विषाणू प्रयोगशाळेत मेंदूज्वराचे नमुने वाढतात. एमडी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षी माझी पोस्टिंग तिथे होती. प्रत्येक नमुन्यासोबत एक फॉर्म येतो. त्यावर ‘ताप सुरू झाल्याची तारीख’ असा रकाना असतो आणि बऱ्याचदा तो कोराच येतो. वॉर्डातली धावपळ मी इंटर्नशिपमध्ये पाहिली आहे, त्यामुळे राग येत नाही. पण तो रकाना भरलाच पाहिजे असं मी आज ज्या आग्रहानं सांगते, तो आग्रह जुलैतल्या एका दिवसानं दिला.

त्या दुपारी थर्माकोलच्या डब्यातून बालरोग आयसीयूचे दोन नमुने आले: सीरम (रक्तातला पातळ द्रव) आणि पाठीच्या मणक्यातलं पाणी, म्हणजे सीएसएफ. मुलगा सहा वर्षांचा. सीएसएफ अगदी नितळ, पू नाही की गढूळपणा नाही. फॉर्मवर ‘जपानी मेंदूज्वर आयजीएम’ एवढंच लिहिलेलं, म्हणजे त्या आजाराविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधा; तारखेचा रकाना रिकामा. मी वॉर्डात फोन लावला. रेसिडेंट म्हणाला, “रात्री जेवून चांगला झोपला होता. पहाटे ताप भरला, सकाळी उलट्या, दहाच्या सुमारास झटके. आता व्हेंटिलेटरवर आहे.”

माझ्या वरिष्ठ मॅडमना सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, “मग आयजीएममध्ये काय शोधणार तू? ती तयार करायला त्याच्या शरीराला वेळ तरी मिळालाय का?”

पाठ्यपुस्तकात हे सगळं तक्त्यात असतं. डेंग्यूत पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (विषाणूचं प्रथिन), त्यानंतर आयजीएम. परीक्षेत मी तो तक्ता न चुकता काढते. पण पहाटे ताप आलेल्या मुलाची आयजीएम निगेटिव्ह आली की वॉर्डात तिचा अर्थ ‘हा आजार नाही’ असा घेतला जातो, आणि तो अर्थ घेणाऱ्याला तारीख कुणी विचारलेली नसते. पहिल्या दिवशी विषाणूचा स्वतःचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, शोधायचा असतो. आणि इतक्या झपाट्यानं मूल खालावत असेल, पावसाळा असेल, विदर्भ असेल, तर चांदीपुरा विषाणू डोक्यात यायलाच हवा.

हा विषाणू आमच्याच भागातला. 1965 साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो पुण्याच्या शास्त्रज्ञांना सापडला. पुढे कित्येक वर्षं त्याला कुणी फारसं मोजलं नाही. 2003 मध्ये आंध्र प्रदेशात 329 मुलं आजारी पडली आणि त्यांतली 183 दगावली, तेव्हा त्याचं खरं रूप कळलं. लक्षणं दिसल्यापासून एक-दोन दिवसांत मूल हातचं जातं.

आरएनए वेगळा करून आरटी-पीसीआर लावली; त्याच्या प्रती वाढवत नेणारी ही चाचणी, रेषा वर गेली की विषाणू आहे. स्क्रीनवर आधी पॉझिटिव्ह कंट्रोलची (विषाणू असलेल्या तुलनेच्या नमुन्याची) रेषा उचलली, मग तेविसाव्या सायकलच्या आसपास त्या मुलाच्या सीरमची. निगेटिव्ह कंट्रोल (विषाणू नसलेला) शेवटपर्यंत सपाट. सीएसएफची रेषा बरीच उशिरा वर आली, पण आली. खात्रीसाठी नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे पाठवायची तयारी केली आणि वॉर्डात फोन केला. मुलगा अर्ध्या तासापूर्वी गेला होता.

या विषाणूवर नेमकं औषध नाही, लसही नाही. झटके आवरायचे, मेंदूची सूज उतरवायची, श्वास टिकवायचा. रिपोर्ट दोन तास आधी आला असता तरी त्याच्या उपचारात फार फरक पडला नसता, हे मला माहीत आहे. फरक पडतो तो गावाला. मॅडमनी त्याच संध्याकाळी जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांना कळवलं. हा विषाणू पसरवणारी वाळूमाशी डासापेक्षाही बारीक. ती मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत राहते आणि फार दूर उडत नाही. त्यामुळे फवारणी नेमकी कुठे करायची ते ठरवता येतं. अधिकाऱ्यांचं पथक सकाळी गावात पोहोचलं. मुलाचं घर मातीचं, गोठा भिंतीला लागून. फवारणी झाली, भेगा लिंपायला सांगितलं आणि घरोघरी तापाची मुलं शोधली.

त्यात मुलाची धाकटी बहीण निघाली. तिला लगेच आमच्याकडे आणलं. या वेळी फॉर्मवर रेसिडेंटनं ठळक लिहिलं होतं: ‘ताप काल रात्रीपासून.’ तिची चांदीपुराची पीसीआर निगेटिव्ह आली. रक्ताच्या स्लाइडवर मलेरिया दिसला, व्हायव्हॅक्स प्रकारचा. दुपारपर्यंत तिच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या.