तुम्ही विचारलंत म्हणून: माँटाला ठेवायला हवं होतं का?

पुण्याहून आलेला भाचा विचारतो, इथे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटमधल्या मित्रमंडळींची मुलं विचारतात, ऑफिसातलेही विचारतात. मार्च 2012 मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स या इथल्या बास्केटबॉल संघानं माँटा एलिसला मिलवॉकीच्या संघाला देऊन टाकलं, तेव्हा तुम्ही विरोधात होतात ना? मालकाची हुर्यो उडवणाऱ्यांतही होतात? मग त्याच संघाच्या स्टीफन करी आणि क्ले थॉम्पसननं 2015, 2017, 2018 आणि 2022 अशी चार अजिंक्यपदं आणली, आता तरी पटलं का? विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर उत्तर आधीच असतं. माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत विषय बदलतो. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

करीचं मोठेपण मला कुणी समजावू नका. 2015 ची मिरवणूक बघायला मीही ओकलंडच्या रस्त्यावर उभी होते. पण त्या मिरवणुकीवरून मार्च 2012 चा न्याय करता येत नाही. त्या मार्चमध्ये आमच्या हातात काय होतं, तेवढंच सांगते.

माँटा मिसिसिपीतल्या जॅक्सनचा. कॉलेजात न जाता थेट शाळेतून आलेला, 2005 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ दर वर्षी नवे खेळाडू क्रमानं निवडतात त्यात, चाळिसाव्या क्रमांकावर निवडलेला. 2009-10 मध्ये त्यानं सामन्यामागे 25.5 गुण केले, पुढच्या मोसमात 24.1. त्याच 2010-11 च्या मोसमात सामन्यामागे चाळीस मिनिटं तो मैदानावर होता, सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त. संघ वाईट होता, प्रशिक्षक बदलत होते, आणि हा माणूस रोज उभा राहत होता. करी? 2011-12 चा मोसम मालक-खेळाडूंच्या वादातल्या टाळेबंदीमुळे 66 सामन्यांचा झाला, त्यातले तो फक्त 26 खेळला. मे 2011 मध्ये घोट्याची शस्त्रक्रिया, एप्रिल 2012 मध्ये पुन्हा त्याच घोट्याची. आज ज्याला तुम्ही 'उघड दिसत होतं' म्हणता, ते त्या वेळी कुबड्यांवर होतं.

आणि बदल्यात कोण आलं? अँड्र्यू बोगट. त्याच 2005 च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, सात फुटी सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू), बचावात उत्तम, हे सगळं मान्य. पण त्याचाही घोटा जानेवारीत मोडला होता आणि त्या मोसमात तो खेळणारच नव्हता. जो रोज खेळत होता त्याला देऊन जो चालू शकत नव्हता त्याला घेतलं. यात आणखी एक गोष्ट होती, ती आता कुणी काढत नाही. एका जुन्या सौद्यामुळे त्या वर्षीचा आमचा पहिल्या फेरीतला ड्राफ्टचा हक्क युटाच्या संघाकडे जाणार होता. आमचा क्रमांक पहिल्या सातांत आला तरच तो आमच्याकडे राहणार होता, आणि जितकं जास्त हरावं तितका क्रमांक वर येण्याची शक्यता जास्त. म्हणजे उरलेला मोसम हरण्यात फायदा होता. संघ हरत गेला. 23 विजय, 43 पराभव, टोरांटोच्या संघाचेही तेवढेच, आणि नाणेफेकीत सातवी जागा आमची. त्या जागेवर हॅरिसन बार्न्स मिळाला, जो पुढे अजिंक्य संघाकडून सामना सुरू करणाऱ्या पहिल्या पाचांत होता. हिशेब जुळला. पण तिकिटाचे पैसे आम्ही जिंकण्याचा प्रयत्न बघायला दिले होते.

आता ती रात्र. 19 मार्च 2012, सोमवार. सौद्याला आठवडाही झाला नव्हता. मधल्या शुक्रवारी मिलवॉकीचा संघ ओकलंडला, आमच्याच मैदानावर आला होता. माँटा त्यांच्या कपड्यांत आला, लोक उभे राहिले, आणि पाहुणे जिंकून गेले. तो राग घेऊनच सगळे सोमवारी आलेले. सामना मिनेसोटाशी होता, पण खरं निमित्त आमच्या संघाचा जुना खेळाडू ख्रिस मुलिनचं होतं. मध्यांतरात त्याची 17 नंबरची जर्सी कायमची छताला लागणार होती. आम्ही दोघं वरच्या मजल्यावर बसलो होतो. शेजारी एक वयस्कर गृहस्थ, वर्षानुवर्षं मोसमाचं तिकीट काढणारे. 1994 नंतर 2007 पर्यंत संघ एकदाही प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, गेला नाही, तो सगळा काळ त्यांनी त्याच रांगेत काढला होता.

मुलिनसाठी टाळ्या झाल्या. मग मालक जो लेकब माइकपाशी आला आणि हुर्यो सुरू झाली. आधी एका बाजूनं, मग चारी बाजूंनी. तो थांबला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा आवाज. मीही ओरडत होते. नवरा म्हणाला, "अगं, बस खाली, मुलिनचा दिवस आहे." मी बसले नाही. मुलिन स्वतः लेकबच्या शेजारी येऊन उभा राहिला, लोकांना समजावू लागला. मग रिक बॅरीनं माइक घेतला. 1975 चं अजिंक्यपद ज्याच्या जोरावर आलं तो बॅरी. त्यानं आम्हाला शिस्त शिकवायला घेतली, आणि आवाज दुप्पट झाला. शेजारचे गृहस्थ मात्र गप्प होते. मी त्यांना विचारलं, तुम्हाला राग नाही आला? ते म्हणाले, आला, पण माझा राग माँटाला घालवल्याचा नाही. कुणाला घालवलं तर मला दुखेल हे यांना ठाऊक होतं आणि तरी हंगामाच्या मध्यात केलं, त्याचा आहे. परतताना गाडीत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

मुलिनच्या रात्री ते झालं याचं मला वाईट वाटतं. हुर्योचं नाही वाटत.

पण त्या वेळच्या माझ्याशीही माझं भांडण आहे. ती बाई म्हणायची, गुण ते गुण, पंचवीस गुण करणारा कुणी सोडतं का? तिला मी विचारते, माँटा संघाचा मुख्य खेळाडू असताना प्लेऑफ किती वेळा? एकदाही नाही. 2007 च्या प्लेऑफमध्ये डॅलसला हरवलं तेव्हा तो इतरांच्या मागे होता. करी संघात आला त्या 2009 च्या हंगामाआधी माँटा स्वतःच म्हणाला होता की दोन लहान चणीचे गार्ड (बास्केटपासून लांब खेळणारे खेळाडू) एकत्र चालणार नाहीत. ते तेव्हा मला उद्धटपणाचं वाटलं. बचावाच्या दृष्टीनं तो खरंच बोलत होता. मोपेडचं प्रकरण तर मी वर्षानुवर्षं टाळलं. 2008 मध्ये सहा वर्षांचा मोठा करार झाला आणि लगेच मोपेडवरून पडून घोट्याचा अस्थिबंध फाडून घेतला, सुरुवातीला कारण वेगळंच सांगितलं, तीस सामन्यांची बिनपगारी बंदी झाली. ती बाई म्हणायची, पोरगा आहे. हो, पण संघ त्याच्यावर उभा करायचा होता.

तिचं उत्तरही तयार असतं. 2014 मध्ये डॅलसकडून, डर्क नोविट्स्कीच्या जोडीला, याच माँटानं प्लेऑफमध्ये सॅन अँटोनियोला मालिकेच्या शेवटच्या, सातव्या सामन्यापर्यंत खेचलं, आणि त्या वर्षी अजिंक्य कोण झालं? सॅन अँटोनियो. जोडीदार योग्य असेल तर तो हरणारा खेळाडू नव्हता. मी म्हणते, डर्क सात फुटी होता, करी नव्हता. ती गप्प बसत नाही.

भाच्याला सरळ उत्तर हवं असतं, तर ते असं: त्या मार्चमध्ये नाही, उन्हाळ्यात. मोसम संपेपर्यंत माँटाला ठेवायचं, जिंकायचा प्रयत्न करायचा, आणि मग सेंटर शोधायचा. क्ले साडेसहा फुटांचा, त्याला पहिल्या पाचांत घ्यायचं तर माँटाला एक दिवस जावंच लागलं असतं, हे मी मानते. नवरा म्हणतो, उन्हाळ्यात मिलवॉकीनं बोगट दिलाच नसता. 2013 मध्ये करारातून बाहेर पडायचा हक्क माँटाकडे होता, आणि त्यानं तो वापरलाही, तेव्हा दर महिन्याला त्याची किंमत उतरतच जाणार होती. मी म्हणते, मग दुसरा सेंटर मिळाला असता. तो म्हणतो, नाव सांग. मी नावं सांगते, तो एकेक खोडून काढतो.