प्रवाळाचाही घड जिरतो

द्राक्षाच्या एप्रिल छाटणीनंतर ढगाळ हवा लांबली की ऑक्टोबर छाटणीला काय होतं, हे निफाड-दिंडोरीत कुणाला सांगायला नको. वेल हिरवीगार, काडी जाड, आणि डोळा फुटला की घडाऐवजी बाळी, म्हणजे नुसता तणावा. समुद्रातल्या प्रवाळाचंही हेच होतं. फक्त तिथली काडी तपासायला सहसा कुणी जात नाही.

प्रवाळ हा प्राणी. (सराफ बाजारातलं अंगठीचं पोवळं वेगळ्या कुळातलं, ते असे खडक बांधत नाही.) खडक बांधणाऱ्या प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि अन्नाचा 90 टक्क्यांपर्यंत वाटा तेच पुरवतं. उन्हाळ्याच्या नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा पाणी 1 अंशाने जास्त तापून चारेक आठवडे तसंच राहिलं, की शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. पाणी निवल्यावर रंग परततो, फोटो छान येतात, 'प्रवाळ सावरलं' अशी बातमी होते. गफलत इथेच आहे. अंडी भरायला सहा ते नऊ महिने लागतात आणि त्यांत चरबी साठवावी लागते. अंडं वर तरंगतं ते तिच्यामुळेच. उपाशी प्रवाळ आधी जीव वाचवतं. अंडी कमी, लहान, किंवा त्या वर्षी नाहीतच. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर 2016 आणि 2017 लागोपाठ तापल्यावर 2018 मध्ये नव्या प्रवाळांची रुजवण 89 टक्क्यांनी घटली. तिथे जनक प्रवाळंच मोठ्या संख्येने मेली होती, हेही खरं.

फांद्यांच्या अ‍ॅक्रोपोरा नावाच्या प्रवाळात अंड्यांची तपासणी सोपी आहे. शेंडा वांझ असतो, म्हणून शेंड्यापासून काही सेंटिमीटर खाली तुकडा मोडून आत बघायचं. गुलाबी-केशरी दाणे म्हणजे येत्या पौर्णिमेच्या आसपास तयार, पांढरे म्हणजे कच्चे, काहीच नाही तर काडी रिकामी. आपल्याकडे परवानगीशिवाय हात लावायचा नाही. ही प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

अंडी भरली तरी निभावलं असं नाही. पाण्यात लिटरमागे वीस-पंचवीस मायक्रोग्रॅम तांबं असलं तरी फलन बिघडतं. द्राक्षावर फवारायच्या एक टक्का बोर्डोत (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) लिटरमागे अडीच ग्रॅम तांबं असतं; म्हणजे त्याच्या लाखपट पातळ पाणीसुद्धा नडतं. नदीचा गाळ आणि गोडं पाणी यांचाही तोच त्रास, शिवाय खडकावर गाळाचा पातळ थर बसला तर प्रवाळाच्या अळीला टेकायला जागा उरत नाही.

उजेडाकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत आपण उपाशी बसतो, तोच सूर्यास्त आणि चंद्रोदयामधला अंधार अनेक प्रवाळांसाठी अंडी आणि शुक्रपेशी पाण्यात सोडण्याची खूण असतो. बंदराच्या दिव्यांनी तो पुसला की एक वसाहत आज सोडते, शेजारची दोन दिवसांनी. बहुतेकांचं स्वतःच्या बीजाने फलन होत नाही, आणि शुक्रपेशी काही तासांत विरून निकामी होतात.